पालक म्हणून सही

दृक्श्राव्य कक्षाची किल्ली माझ्याकडे असते.
नाबर मॅडमनी सकाळी कागद दिला, दारावर डकव म्हणाल्या:
"ध्वनिफीत वर्गापुरती. श्रोते: विद्यार्थी, कर्मचारी, पालक.
इतरांस प्रवेश नाही. मोबाईलवर मुद्रण करू नये."
वेंगुर्ल्याचा खारा वारा डिंक धरू देत नाही,
वरून चार टाचण्या मारल्या.

तास लोकसाहित्याचा, तिसऱ्या वर्षाचा.
कॅसेट चाळीस वर्षांमागची: रापण ओढतानाची हाळी,
मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने किनाऱ्यावर येऊन भरून नेलेली.
कव्हरावर माड, तोही आपल्याकडचा वाटत नाही,
आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत, सर्व हक्क राखीव.
कुणासाठी, ते लिहायला जागा उरली नसावी.

मॅडम नियमाच्या पक्क्या.
कंपनीला दोन पत्रं टाकली. दोन्ही परत आली,
शेरा एकच: इसम येथे राहत नाही.
मग रात्री जागून कलम बावन्न वाचलं
आणि मला, बी.ए.ला दोनदा गचकलेल्याला, समजावलं:
शिकवण्यापुरतं चालतं. चार भिंतींत चालतं.
कुडाळच्या पोरांची एसटी चुकली
म्हणून त्यांच्या ग्रुपवर टाकायचं नाही,
यूट्यूबचं तर नावच नको.
मी म्हटलं, मॅडम, आवाजाला भिंत कळते?
म्हणाल्या, कोर्टाला कळते.

पावणेअकराला दारात एक म्हातारा.
लुंगी, वर इस्त्रीचा शर्ट, चपला हातात.
"भिवा कुबल. माझो आवाज लावतत, आयकलंय."

मी कागदाकडे बघितलं.
विद्यार्थी नाही. कर्मचारी नाही.
गाणारा हा शब्द दोनदा शोधला.

तेव्हा पैसे दिले होते का, मी विचारलं,
काहीतरी विचारायचं म्हणून.
"दिले मा. तीस जणांक मिळान शंभर.
अंगठो घेतल्यानी. कागद वाचूक कोणाक येय होतो?"
मग हसला, वरचे दात नाहीत.
"रापणीच्या दोरयेक हात लावलो
तर वाटेवरच्या पोराकय मूठभर पेडवे गावतत.
मी तर सगळ्यांच्या फुडे होतंय."

त्याच्या वाट्याचं काय
हे कलमात कुठे असेलही. मला विचारायला हवं होतं.
पण तेवढ्यात मागच्या बाकावरून सलोनी उठली,
"आजो, तू हय?"
आणि माझी सुटका झाली.
रजिस्टर पुढे सरकवलं, नात्याचा रकाना दाखवला:
पालक.
अंगठा नाही, सही केली त्याने,
नातीने शिकवलेली. सावकाश,
कुबलमधला 'ब' होडीसारखा आडवा पडलेला.

कॅसेट लागली. आधी खरखर, की लाट, कळेना.
मग एक तरणा आवाज वर चढला
आणि मागून तीस छात्यांचा हुंकार.
पोरं वहीत लिहीत होती: श्रमगीत, आवर्तन, ताल.
म्हातारा बोटाने स्पीकरकडे दाखवत होता:
"ह्यो आबा. गेलो.
ह्यो रुजार, गोव्याक गेलो, थयच रवलो.
ह्यो खोकता मा, तो माझो भाव."
बाकाची कड दोन्ही मुठींत,
हाळी आली की मागे रेलायचा,
आणि बाक, लोखंडी, फरशीत पक्का बसवलेला,
जरासा कुरकुरायचा.

मॅडमनी थांबवलं नाही.
दुसऱ्यांदा लाव म्हणाल्या. हळूच.

खिडकी उघडीच होती, लावायची माझ्याकडे.
खाली माळी झारी धरून उभा,
पाणी एकाच जास्वंदीवर पडतंय.
कुंपणाबाहेर पाटी डोईवर घेतलेली एक बाई,
बांगडे उन्हात, घाई असणार तिला,
तरी थांबलेली.

कागदावर दाराचं लिहिलं होतं.

संध्याकाळी रजिस्टर भरलं:
विद्यार्थी बावीस, कर्मचारी दोन, पालक एक.
बेरीज पंचवीस. मॅडमनी बघितली,
खिडकीकडे बघितलं,
आणि सही केली.