मागची डावी दाढ

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, विटांच्या त्या घरात
सात माणसं, सात मग, सात ब्रश.
ब्रश कोरडा आहे का, हे मी अंगठ्याने बघते.
विचारत नाही. विचारलं की सगळे हो म्हणतात.

क्लाइव्ह हॉब्सन, अठ्ठावन्न,
पूर्वी बर्फावर उभा राहून मासे चिरायचा.
गोळ्यांनी त्याच्या कानातले आवाज खालच्या पट्टीत आले,
पण थुंकी आटली.
जीभ टाळूला चिकटते
पाकिटावरच्या तिकिटासारखी.
म्हणून कोला. म्हणून चार चमचे साखरेचा चहा.
म्हणून पेपरमिंट, उशीखालीसुद्धा.

माझ्या आधीच्या ग्लेनिसने भिंतीवर तक्ता लावला होता,
हसरी दाढ, दिवसातून दोनदा.
तिने दातांच्या कण्या केल्या.
तेवढ्यात त्याचे तीन दात गेले.

मला त्याने पाचव्या आठवड्यात सांगितलं,
नळ सोडून, कुणी ऐकू नये म्हणून:
मागच्या डाव्या दाढेत रिसीव्हर आहे.
ब्रश लागला की ते लोक जागे होतात.

मी छोटा आरसा आत धरला.
रिसीव्हर दिसला नाही.
खड्डा दिसला, वाटाणा मावेल एवढा.
"दुखतं?"
नळ वाहत राहिला.
"नऊ वर्षं."

नऊ वर्षांची त्याची फाइल मी वाचली आहे.
रात्री ओरडतो.
गाल भिंतीवर आपटतो.
डोस वाढवला.
डोस वाढवला.
दाढ हा शब्द कुठेच नाही.

आता ती दाढ आम्ही शेवटी ठेवतो.
आधी पुढचे, आईवर गेलेत म्हणतो ते,
मग उजवी बाजू.
त्याचा हात थरथरतो, मी कोपर धरते, ब्रश तोच धरतो,
मुठीला सायकलच्या हँडलचं जुनं रबर चढवलंय.
जमतंच असं नाही.
मंगळवारी त्याने पेस्ट माझ्या बुटावर थुंकली.
बुधवारी दारच उघडलं नाही.

एकोणीस तारखेला दाढ काढायची आहे.
"काढली तर ते कुठे जातील?" विचारतो.
मला माहीत नाही, क्लाइव्ह.
ठणका जाईल, एवढंच सांगू शकते.
तो बराच वेळ विचार करतो,
चहा निवतो, साखर तळाशी.

आज सकाळी अंगठा लावला.
ओला होता.
नुसता नळाखाली धरलेलाही असेल.
मी तो मगात परत ठेवला,
केस वर करून,
आणि विचारलं नाही.