मोड

निमाणीला जाणारी शेवटची बस चुकली की
मी आडगावलाच राहते, प्रयोगशाळेत.
गांगुर्डे काका इन्क्युबेटरचा आकडा वहीत टिपतात,
सदतीस,
आणि बाकावर मान टेकतात.
दिवे मालवून मी पेशी बघत बसते.
जिथे धागा तुटला तिथे
एक हिरवं टिंब पेटतं.
टिंबं मोजायची, एवढंच माझं काम.
अर्ध्या तासाने बेचाळीस, चार तासांनी सतरा,
उजाडेपर्यंत दोन.
ती दोन मात्र विझत नाहीत.

टिंबांची मला लहानपणापासून सवय.
भांडी बाजारात, आमच्या दुकानाच्या पायरीवर,
टोच्याने नावं घालायचे मी, अक्षराला रुपया.
एकदा घागरीवर 'सुलभा'चं 'सुभला' केलं.
आप्पांनी घागर खरवईवर चढवली,
हलक्या हाताने अक्षरं बुजवली,
जोडीच्या घागरीवर बघून नाव पुन्हा घातलं.
पेशीसुद्धा असंच करते,
जोडीच्या धाग्यावर वाचून चुकलेलं लिहून काढते.
सुलभाच्या मामाला कळलं नाही.
पण उन्हात तिरकी धरली तर
अजून दिसत असेल
तो चुकीच्या जागचा 'भ'.

आणि जे सांधत नाही, ते मोडीत.
बूड गेलेले बंब, कान तुटलेल्या पराती,
गंगेवरून परत आलेले, डाख सुटलेले गडू,
सगळं एका गोणीत, काट्यावर, मग भट्टीत.
पेशीतही अशी एक पिशवी असते,
निकामी झालेलं गुंडाळून नेणारी.
बाहेरून काही आलं नाही, उपास पडला,
की ती जास्त राबते:
घरातलंच मोडायचं, त्यावरच दिवस काढायचे.
माझी पहिल्या वर्षाची फी
आईच्या पाटल्या मोडून भरली.
हा धडा मला
फार समजावून सांगावा लागला नाही.

रविवारी आप्पांनी विचारलं, तू तिथं करतेस काय?
त्यांना बिलाच्या पाठीवर लिहून द्यावं लागतं.
चाळीस वर्षं तांब्यावर ठोके.
कानातल्या त्या पेशी एकदा गेल्या की
पुन्हा येत नाहीत,
हे दुसऱ्या वर्षी वाचलं.
ते काही मी बिलाच्या पाठीवर लिहिलं नाही.
बाकीचं लिहिलं. त्यांनी चष्मा पुसून वाचलं.
म्हणाले, पण तिला कळतं कसं,
काय सांधायचं आणि काय वितळवायचं?

मॅडमनीही हेच विचारलंय.
त्याला तीन महिने झाले.

मी लिहिलं: तुम्हाला कसं कळतं?
"आधी टिचकी मारायचो.
धड असलं की गातं. चीर असली की बद्द बोलतं."
मी लिहिलं: आणि आता?

त्यांनी गोणीतून एक तपेली काढली, काळीठिक्कर.
टिचकी मारली, चार बोटं तिच्या पोटावर ठेवली,
आणि थांबले.
बाजारात कुणाची तरी रिक्षा अडकली होती,
हॉर्न चालू होता, त्यांना काय त्याचं.
मग माझा हात घेऊन तिथे टेकवला.
मला काही लागलं नाही. पुन्हा टिचकी.
मग लागलं: मुंगीएवढं काहीतरी
मनगटापर्यंत चढलं आणि विरलं.
"राहू दे ही," आप्पा म्हणाले,
आणि तपेली गोणीत न टाकता
खरवईच्या अंगाला ठेवली.
मी तिचं वजन करून मोकळी झाले असते.

सोमवारी रात्री पुन्हा ती दोन टिंबं.
वहीत रकान्याचं नाव होतं 'न सांधलेली'.
मी ते खोडलं
आणि वर लिहिलं, 'अजून'.
मॅडम ओरडतील.

काका उठून बसले. जेवलीस का, म्हणाले.
डबा तसाच होता.
उघडला तर मटकी,
बोटभर मोड आलेली.