येणे बाकी

नो-ड्यूजच्या कागदावर सात चौकोन.
सात सह्या झाल्याशिवाय टीसी नाही,
म्हणून सकाळपासून जिने चढतेय.

ग्रंथालयात पटकन झालं.
जिमखान्यात माझं नावच सापडेना.
'तीन वर्षांत एकदाबी आली नाहीस काय गं?'
म्हणत सरांनी सही दिली,
जरा वाईट वाटल्यासारखी.

प्रयोगशाळेत मात्र हिशेब निघाला:
एक ब्युरेट, दुसरं सेमिस्टर, एकशे ऐंशी रुपये.
ती शिवलीलानं फोडली होती
आणि मी 'माझ्या हातून' म्हणाले होते,
कारण तिला तेव्हा मराठीत खोटं बोलता येत नव्हतं
आणि सरांना कन्नडात रागावता येत नव्हतं.

पैसे भरले. पावतीवर नाव: वैजयंता प. गाडी.

घाडी. आमचं आडनाव घाडी.
पण पहिल्याच हजेरीत त्याची गाडी झाली
आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हॉर्न वाजवला.
तीन वर्षं वाजवला.
एकदा, घसा बसलेला असताना,
'प्रेझेंट'च्या जागी मीच तो वाजवला,
तर मॅडम हजेरीपटाआड तोंड लपवून हसल्या.

खानापुरातून सात-दहाची बस.
डब्यावर कौलांच्या कारखान्यातली लाल धूळ,
कारण डबा आईचा, तिच्या जुन्या पाळीचा.
दहावीला कन्नडात छत्तीस मार्क:
पाटी वाचता यायची, माणसं नाही.
कुणी काहीही विचारलं की 'हौदु' म्हणायचं.
'ऊटा आतेन?' यालाही हौदु,
आणि दुपारभर उपाशी.
आठवड्यानंतर शिवलीलाच्या ध्यानात आलं.
तिनं काही न विचारता
कडक भाकरी मोडली, शेंगाचटणी पुढं सरकवली,
आणि म्हणाली, 'इल्ला म्हणायला शीक आधी.'

एक नोव्हेंबरला आम्ही एकमेकींना फोन करत नसू.
तिच्या गल्लीत लाल-पिवळे झेंडे,
माझ्या मामाच्या दंडावर काळी फीत.
दोन तारखेला ती नेहमीसारखी
परीक्षानळी खिडकीशी धरायची,
'कडं आलं काय गं, तपकिरी?'
मी म्हणायची, थांब. हलवू नकोस.

कँटीनचा चौकोन कागदावर नाही.
तरी गेले. सिद्रायअण्णांची वही
तेलानं पारदर्शक झालेली,
एका पानावरून पलीकडचा उधार दिसतो.
माझे चौसष्ट निघाले, बहुतेक मिरचीभज्यांचे.
त्यांनी नोटा परत माझ्याच मुठीत कोंबल्या.
'असू दे की. बाकी असली म्हंजे माणूस फिरून येतंय.'

शेवटची खिडकी. टीसीवर इंग्रजीत घाडी,
कन्नडात गाडी.
'दुरुस्तीला अर्ज द्या, पंधरा दिवस लागतील.'
सोमवारी मला पुण्यात हजर व्हायचंय,
औषधांच्या कंपनीत, रात्रपाळीला.
राहू दे म्हटलं. दोन्ही मीच आहे.
क्लार्कनं शिक्का फुंकून वाळवला
आणि मला समजावं म्हणून खास मराठीत वाचून दाखवलं:
'सदर विद्यार्थिनीकडून काहीही येणे बाकी नाही.'

फाटकाशी रेल्वे जाईपर्यंत थांबलो दोघी.
मालगाडी होती, लांबलचक. बरं झालं.
स्टँडवर तिची हुक्केरीची बस आधी लागली.
ती म्हणाली, 'होगि बर्तीनि.'
मी म्हणाले, 'जाऊन येतो.'
(आमच्याकडं पोरीही 'येतो'च म्हणतात;
पुण्यात हसतील, असं आत्यानं बजावलंय.)

मग काय बोलावं ते दोघींनाही
कुठल्याच भाषेत आठवेना.
ती खिडकीतून डबा दाखवत राहिली,
माझाच, धुळीचा, चुकून तिच्या पिशवीत गेलेला.
मी हात केला, ठेव म्हणून.

बस मागं सरकली, वळली,
ड्रायव्हरनं जोरात हॉर्न दिला,
आणि भर स्टँडवर, सवयीनं,
मी म्हणाले, प्रेझेंट.