डोकी

पारूबाई मल्लाव सकाळी साडेसातला
विभागाच्या मागच्या फाटकाशी पाटी उतरवते.
बर्फ अर्धा रस्त्यातच गेलेला.
दोन रोहू, एक कटला, चार चिलापी
आणि न मागितलेला एक मरळ, अजून जिवंत.
"ह्यो तुज्या घरला, अक्का. तपासायला न्हाई लावायचा."

मी नोंद करते: नमुना क्रमांक, तळ्याची बाजू,
लांबी, वजन.
भावाला रकाना नाही.

माशातला धातू मोजायचा तर
प्लास्टिकच्या पात्याने कापावा लागतो मासा.
पारूबाई हसते.
तिच्या विळीवर तीस वर्षांत कुणी संशय घेतला नव्हता.

कल्ले वेगळे. यकृत वेगळं, ती म्हणते काळीज.
मांस वेगळं.
वर आम्ल, खाली आच, मग तांबूस धूर;
पंखा घरघरत तो ओढून घेतो
आणि मासा हळूहळू नाहीसा होतो.
काटे, पोहणं, वास, सगळं पचतं आम्लाला.
उरतं ते नितळ पाणी,
चार दिवसांआड आमच्या नळाला येतं
त्याहून नितळ.
शिसं त्यातच असतं. कॅडमियम, क्रोमियम.

माशाने पाण्यात पाणी कधी प्यालं, कुणाला कळत नाही,
असं अण्णा म्हणायचे कारखान्याच्या मुकादमाबद्दल.
यंत्रालाही कधी ते कळत नाही.
काय प्यालं, तेवढं छापून देतं.

अण्णा बावीस वर्षं रंगखात्यात.
सोमवारी हिरवे हात, गुरुवारी जांभळे;
आम्ही पोरं हातांवरून वार ओळखायचो.
हौदातलं उरलेलं मोरीत सोडून ते घरी यायचे.
मोरी नाल्यात जायची.
नाला कुठे जातो
हे कुठल्याच इयत्तेला नव्हतं.
आता खाटेवर बसून विचारतात,
"आज कोणता रंग निघाला गं?"
रंग नाही निघत, अण्णा.
रंग केव्हाच वाहून गेला. जड तेवढं मागे बसलं.

अहवालात मी लिहिलं:
मांसल भाग खाण्यास तूर्त हरकत नाही,
डोके व आतील अवयव टाळावेत.
सरांनी 'तूर्त' खोडला.
मी टंकताना परत घातला.

फाटकाशी वाचून दाखवलं पारूबाईला.
कमरेवर हात ठेवून तिने सगळं ऐकलं,
मर्यादा, प्रमाण, दीर्घकाळ सेवन.

"तुकडं तर गिऱ्हाईक नेतंय की ओ.
हाटेलवाले नेत्यात. तुमच्यातले सर नेत्यात.
मागं ऱ्हातंय ते डोस्कं अन् काळीज.
त्येचंच कालवण आमच्यात.
पोरं डोळ्यावरनं भांडत्यात, ह्यो माजा, ह्यो तुजा.
सून सातव्यात हाय, तिला तर डोस्क्याबिगर भाकर जाईना."

मग रिकामी पाटी उचलता उचलता,
"मंजे आमीच टाळायचं, न्हवं?"

मी काहीतरी बोलले.
आठवड्यातून किती वेळा, असं काहीसं,
गरोदर बाईने शक्यतो.
शक्यतो हा शब्द मी मराठीत इतक्या वेळा
कधीच वापरला नव्हता.

मरळ घरी आणला.
तीन दिवस झाले, मोरीजवळ बादलीत आहे.
अण्णा रोज विचारतात, कधी करायचा?
कडक भाकरी काढून ठेवतात, चुरायला.
मी पाणी बदलते.
रात्री सगळं निजलं की आवाज येतो, बुळुक.
तो तोंड वर काढतो,
हवा गिळतो, पुन्हा खाली जातो.
मरळाचं तसंच असतं, पारूबाई म्हणाली होती,
नुसत्या पाण्याच्या भरवशावर
त्यो कदीच ऱ्हात न्हाई.