खोल डबा

उत्तरायण झालं की मुलं येईनाशी होतात.
मांजाने कापलेल्या पंखांसोबत
फोटो काढायचे ते काढून होतात,
हातमोज्यांची खोकी अर्धी भरलेली राहतात.
मग फेब्रुवारीत येतात ही,
अंगावर कुठे ओरखडाही नसलेली.
मान पिळलेली, टाळू जमिनीला,
एक डोळा छताच्या पंख्याकडे लावलेला.

विषाणू आहे, हेमालीबेन म्हणाल्या.
औषध नाही.
सहा-आठ आठवडे भरवत राहायचं,
जी तगतील ती तगतील.
मी डायरीत रकाने आखले:
पिंजरा, वजन, किती चणे गिळले.
शेजारच्या हौदात विश्वामित्रीतून आलेलं
मगरीचं पिल्लू,
ते आमच्याकडे बघतही नाही.

चौतीस वर्षं मकरपुऱ्यात लेथवर होतो.
केसाच्या दहाव्या हिश्श्याने चुकलं
तरी सबंध लॉट परत यायचा.
अकरा नंबर दाण्यावर नेम धरतो
आणि चोच आपटते दोन बोटं डावीकडे.
पुन्हा धरतो.
पुन्हा दोन बोटं, डावीकडेच.
चूक इतकी एकसारखी
की माझे हात शिवशिवले,
दाणा सरकवून पाहिला.
दाण्यासोबत चूकही सरकली.

याकूतपुऱ्याचा इश्तियाक, त्याच्या मामाची
गच्चीवर साठ कबुतरं,
पाय पसरून बसला होता, हसला.
काका, नेम कशाला दुरुस्त करता?
डबा खोल घ्या.
बिस्किटांचा जुना डबा त्याने
ज्वारीने काठोकाठ भरला
आणि समोर ठेवला.

चोच पडली दोन बोटं डावीकडे.
तिथेही ज्वारी होती.

मी उगाच चष्मा पुसत राहिलो.
आमच्या खात्यात असं काही
कुणी बोललं असतं
तर त्याला गेटबाहेर काढलं असतं.
मीच काढलं असतं.

घरी जाताना खाली पार्किंगच्या नळावर
शर्ट उतरवतो, कोपरापर्यंत साबण लावतो.
दोन वर्षांपूर्वी कुमुदच्या छातीचा फोटो
उजेडात धरून डॉक्टरने विचारलं होतं,
घरात कबुतरं येतात का?
त्याच आठवड्यात गॅलरीला जाळी मारली,
हिरवी, नायलॉनची, पक्क्या गाठींची.
एसीच्या मागे घरटं होतं,
तारेचे तुकडे, झाडूच्या चार काड्या,
दोन अंडी.
ती कुठे टाकली
हे मी तिला सांगितलेलं नाही.
तिनेही विचारलेलं नाही.

ती दारातून टॉवेल फेकते, जवळ येत नाही.
आज किती जेवले?
सात.
आणि तुमचा अकरा?
चार ग्रॅम वाढला.
मग तिला खोकला येतो
आणि आम्ही दोघं तो संपायची वाट बघतो.

चौथा गेला, नववा गेला,
कडुनिंबाखाली इश्तियाकने खड्डे केले.
त्रेचाळिसाव्या दिवशी
अकराची मान सरळ होती.
मी हाक मारली, बेन धावत आल्या,
त्यांच्या हातून ट्रे निसटला
आणि त्या आवाजासरशी
मान गर्रकन फिरून परत उलटी.
घाबरला की असं होणारच, त्या म्हणाल्या,
आयुष्यभर कदाचित.
याला सोडता नाही येणार.
इश्तियाकने डबा उचलला आणि
भरायला गेला.

आज संध्याकाळी समोरच्यांच्या कूलरवर
एक येऊन बसलं, राखाडी, साधंच.
जाळीतून मी बराच वेळ बघत होतो.
मागून, आतल्या दाराच्या पलीकडून,
पदर नाकाशी धरून कुमुदने विचारलं,
सरळ आहे का?
म्हटलं, थांब,
अजून दाणा टिपायचाय त्याने.