चौथा दाणा

मुहर्रकच्या गल्लीत अबाया शिवते मी, अकरा वर्षं.
सकाळी शटर वर, रात्री शटर खाली,
मधलं ऊन काचेपलीकडून बघायचं.
रक्ताचा कागद वाचून डॉक्टर बदरिया म्हणाली,
"एवढ्या उन्हाच्या देशात राहून
तुझ्या अंगात उन्हाचा थेंब नाही.
आधी तो भरू, मग गळा उघडू."
आठ शुक्रवार, आठ कॅप्सूल.
शिवाय रोज सकाळी खलील आणि मी गच्चीवर,
बाह्या कोपरापर्यंत दुमडून, पाण्याच्या टाक्यांमध्ये,
वाळत घातलेल्या बोंबलांसारखे.

शुद्धीवर आल्यावर आरसा मागितला.
नर्स शीजाला वाटलं, चेहरा बघायचाय.
मी शिवण बघितली. आतून घेतलेला टाका,
गाठ कुठे मारलीय ते दिसू नये असा.
बाईचा हात चांगला आहे.

"थायरॉईडच्या मागे चार दाणे असतात,
तांदळाएवढे. रक्तातलं कॅल्शियम ते राखतात.
तीन जागेवर आहेत.
चौथा काळा पडत होता,
त्याचे बारीक तुकडे करून मानेच्या स्नायूत ठेवलेत.
रुजायला वेळ लागेल."

"लावणी," मी म्हणाले.
घसा बसलेला, तिला ऐकू गेलं नाही.
एका वाफ्यातून उपटायचं, दुसऱ्या चिखलात खोचायचं.
सुरुवातीला तरवा पिवळा पडतो, मान टाकतो,
आणि घरात कुणी म्हणायचं नाही, मेला.

दर सहा तासांनी रक्त.
शीजा कानापुढे गालावर टिचकी मारायची
आणि ओठ उडतो का बघायची,
दार वाजवून आत कुणी जागं आहे का बघावं तशी.

घरी आले ती दोन डब्या घेऊन.
पहाटे उपाशीपोटी एक, बारीक.
जेवणावर दुसरी, खडूएवढी जाड.
मध्ये चार तास.
"सवती आहेत," खलील म्हणाला, "एका ताटात बसवू नकोस,"
आणि टगबोटीवरूनही गजर लावायचा.

पाचव्या रात्री ओठांभोवती मुंग्या.
मग बोटांत. मला वाटलं, सुईचं असेल.
दुखणं सकाळवर ढकलायची आमची जुनी सवय.
पण फ्रीजवर शीजाचा कागद होता, मोठ्या अक्षरांत:
मुंग्या आल्या की वाट बघायची नाही.
दोन गोळ्या चावल्या. टॅक्सी बोलावली.
खलील समुद्रात होता.
सुईतून हळूहळू शिरेत उतरलं ते,
आणि हात पुन्हा माझा झाला.

पहाटे परतताना टॅक्सी सिग्नलला थांबली.
जुन्या घराचा गिलावा पडलेला,
आतला प्रवाळाचा दगड उघडा, भोकाभोकांचा.
हर्णैला बाबा शिंपले भाजून चुना करायचे.
आमच्या अंगणात ढीग असायचा, पांढरा,
कोंबड्या त्यातच चोची मारायच्या,
आई ओरडायची, कुणी फुकट नेला तर.
आणि मी इथे
चिमूटभरासाठी मध्यरात्री
अनोळखी ड्रायव्हरला म्हणत होते, भाऊ, जरा लवकर.

आज सहावा आठवडा.
गोळ्या सहावरून तीनवर.
चौथा रुजला की तिघांनीच ओझं उचललं,
ते या रक्तावरून सांगता येत नाही, बदरिया म्हणते.

उम्म राशिदची बाही अर्धी राहिलीय.
काळा दोरा, काळं कापड, दिवा जवळ ओढला.
ओवला. पहिल्याच खेपेला.
तेवढ्यात गजर झाला,
आणि मी अजून जेवलेच नव्हते.