बाहेरून आत

सुरीची धार नेहमी ताटलीकडे.
पाहुण्याकडे नाही, शेजाऱ्याकडे तर नाहीच.
हे मला त्रायचेनं शिकवलं, ओह्रिदचा तो,
तळ्याकाठी वाढलेला, समुद्राला अजून नावं ठेवणारा.
टेबलाच्या काठापासून अंगठ्याचं एक पेर,
तिथे सगळ्या मुठी एका रेषेत.
पट्टी वापरायची नाही. पट्टी हरवते, म्हणायचा,
अंगठा हरवलास तर कामावर येऊ नकोस.

सूपचा चमचा उजवीकडे सगळ्यात बाहेर,
मग माशाची सुरी, जिला धार नसते,
नुसतं एक वळण असतं,
मग मांसाची.
खाणाऱ्यानं बाहेरून आत येत जायचं.
पहिल्या महिन्यात मी हे झोपेत बोटांवर मोजायचो.
वरच्या बंकवरून बेनिग्नो विचारायचा,
जपमाळ ओढतोयस का रे?

जूनमध्ये ट्रॉम्सो मागे पडलं की रात्र होत नाही.
साडेनऊलाही ऊन मिठासारखं पांढरं.
कप्तानाच्या मेजवानीला मेणबत्त्या लावायच्या
तर आधी पडदे ओढावे लागतात.
रात्र आम्ही बनवतो, आठ जण, चार मिनिटांत,
आणि मग तिच्यात ग्लास मांडतो.

एकशे सतरा नंबरला फ्राऊ ओटिलिया ब्रुन्स,
ब्रेमरहाफेनच्या. एकट्या.
टेबल दोघांचं.
पहिल्या रात्री मी समोरची मांडणी उचलायला गेलो,
रिकाम्या खुर्चीपुढे काही ठेवायचं नाही असा नियम आहे,
तर त्यांनी समोरच्या नॅपकिनवर बोट ठेवलं.
माझा बिल्ला वाचला. "हेर रोडेल,
तो सावकाश जेवतो."
लांबून त्रायचेनं मान हलवली: वाढ.

मग मी वाढत गेलो.
डावीकडून वाढायचं, उजवीकडून उचलायचं.
सूप निवायचं. माशावर लोणी थिजायचं.
काटासुरी फुलीसारखी ठेवली, म्हणजे माणूस थांबलाय.
शेजारी शेजारी, म्हणजे झालं.
समोरच्याचं काहीच नसायचं,
सगळं जिथल्या तिथे, पेरभर आत.
भरलेली ताटली नेताना
कुणाची माफी मागावी हे कळायचं नाही,
म्हणून मी खुर्चीला किंचित वाकायचो.
कुणी बघत नसेल तर.

नॉर्थ केप वळसा घालून येताना वारा सुटला.
अशा वेळी टेबलक्लॉथवर पाणी शिंपडतात,
ओल्या कापडावर बशा घसरत नाहीत.
उंच ग्लास काढून घेतले, मेणबत्त्याही.
अर्धी माणसं केबिनमध्ये आडवी,
शिष्टाचार कोण पाळणार.
फ्राऊ ब्रुन्स आल्या. मोत्यांसकट.

माशाच्या वेळी जहाज कललं, तसंच राहिलं क्षणभर.
समोरचा काटा ओल्या कापडावरूनही
बोटभर सरकला, त्यांच्याकडे.
त्या उठल्या. टेबल धरून पलीकडे गेल्या.
काटा आणि सुरी उचलून
न खाल्लेल्या हॅलिबटवर ठेवली,
शेजारी शेजारी,
मुठी खाली, मी ठेवतो त्याहून नीट.
परत आल्या, बसल्या,
स्वतःचा मासा काट्यांसकट संपवला.

मी उजवीकडून गेलो.
उचललं.
पुढची ताटली समोर ठेवली नाही.
त्या काही बोलल्या नाहीत.

खाली कर्मचाऱ्यांच्या मेसमध्ये भात होता,
चिंचेचं आंबट सूप होतं.
बेनिग्नोनं चमचा पुढे केला, मी नको म्हटलं,
हात धुतला, बोटांनी जेवलो.
ट्रे काठापासून एक पेर आत ठेवलाय
हे अर्ध्या भातानंतर लक्षात आलं.

ब्रेमरहाफेनला सगळे उतरल्यावर चांदी मोजतात.
माशाची सुरी एक कमी भरली.
त्यांची की त्याची, विचारण्यात अर्थ नाही,
सगळ्या सारख्याच.
त्रायचेनं माझ्याकडे बघितलं,
मी धक्क्याकडे.
वादळात गहाळ, त्यानं वहीत लिहिलं,
खाली तारीख.